नीट फुटणारा दगड

"हा पण गेला," तो म्हणाला. हातातला ठोकायचा गोटा त्याने बाजूला ठेवला आणि मांडीवरचं काळं चामडं झटकलं. पांढरा भुगा मागच्या अंगणभर उडाला.

"गेला म्हणजे काय झालं?"

"काय व्हायचं? हात लावून बघ. दगड आहे का बिस्कीट? मी छिलका मागतोय आणि हा मला पीठ देतोय."

ती कामाच्या खोलीतून बाहेर आली. ॲप्रनला हात पुसून तिने खाली पडलेला एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला. तुकडा जिभेला चिकटला. कच्ची राहिलेली माती पाण्याला हावरी असते, जीभसुद्धा लवकर सोडत नाही. म्हणजे ही माती भट्टीत नुसती भाजली होती, आतून वितळून एकजीव झालीच नव्हती. खरं तर हे तिला भट्टी उघडताना रंगावरूनच कळलं होतं. तरी तिने मातीचा तो दगड त्याच्या हातात दिला, कारण पुन्हा एकदा "नाही जमलं" असं आपल्या तोंडाने सांगण्यापेक्षा त्याच्या तोंडून ऐकणं तिला सोपं वाटलं होतं. ऐकल्यावर ते काही सोपं वाटलं नाही.

"चाटून काय कळणार आहे तुला? मी सांगतोय ना."

"तुम्ही तुमचं सांगा. मला माझं बघू द्या."

"बघ बाई, बघ. तुला दिसतंय तोवर बघून घे."

हे वाक्य हल्ली त्याच्या तोंडी बसलं होतं. दिवसातून एकदा तरी ते यायचंच, कधी सांडलेल्या चहावरून, कधी न सापडणाऱ्या चष्म्यावरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने हातातलं काम टाकून त्याचा हात धरला होता. आता तिला फक्त राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही राग येत होता.

त्याने खाली अंथरलेल्या ताडपत्रीवरचा चुरा दोन्ही हातांनी गोळा करायला घेतला. हे काम तो कधी कोणाला करू देत नसे. दगडाचा छिलका नव्या ब्लेडसारखा धारदार असतो आणि ती अंगणात कायम अनवाणी फिरायची, लग्न झाल्यापासून. इतक्या वर्षांत तिच्या पायात एक कण घुसला नव्हता. आपण कोणाच्या भरवशावर अनवाणी फिरतो याचा तिने कधी विचारही केला नव्हता, इतका तो भरवसा पक्का होता.

त्याचं काम सांगितलं की लोक आधी हसायचे. लग्न ठरवताना तिच्या मामाने विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" त्यावर कोणीतरी खरं ते सांगितलं, "दगड फोडतो." मामा चहाचा कप तसाच ठेवून उठला होता. "अहो, वस्तुसंग्रहालयात फोडतो," असं मागून ओरडून सांगितलं तेव्हा कुठे तो परत बसला, आणि तरीही त्याचं पूर्ण समाधान झालं असं म्हणता येणार नाही.

पण काम तेच होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडाची जी हत्यारं केली, ती कुऱ्हाड, ती सुरी, ते भाल्याचं टोक, तशीच हत्यारं तो त्यांच्याच पद्धतीने करायचा. खरी कपाटात कुलपात राहायची आणि त्याने केलेली पेट्यांत भरून शाळांमध्ये जायची, मुलांनी हाताळायला. छिन्नी नाही, यंत्र नाही. एक गोटा, एक शिंगाचा तुकडा, बारीक कामाला तांब्याचं टोक बसवलेली मूठ, आणि मांडीवर चामडं. दगडाच्या कडेवर नेमक्या जागी नेमक्या कोनात मारलं की खालच्या बाजूने पातळ, रुंद छिलका सुटतो आणि दगडावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा खळगा राहतो. असे छिलके काढत काढत दगडाचं पातं होतं. मात्र त्यासाठी दगड आतून सगळीकडे सारखा हवा. दाणा नको, थर नको, चीर नको. दगडात केसाएवढी चीर असली तरी त्याच्या अंगठ्याला ती कळायची. "माझा अंगठा माझ्यापेक्षा शहाणा आहे," असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "त्यात काय विशेष?"

निवृत्त झाल्यावरही पेट्यांचं काम त्याच्याकडेच राहिलं होतं. मग डोळे गेले.

गेले म्हणजे पुरते गेले नाहीत. दुखणंही त्याच्यासारखंच आडमुठं निघालं. कडेकडेचं दिसायचं आणि जे बघायचं ते मधलंच नेमकं जायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. म्हणून तो कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायला लागला. माणसांचं त्यावर भागत होतं, काळ्या दगडाचं भागेना. काळा दगड त्याच्या डोळ्यांपुढे नुसता एक डाग व्हायचा. अंगावरचे उंचवटे दिसायचेच नाहीत, आणि या कामात सगळा खेळ त्या उंचवट्यांचाच. पांढरी गारगोटी आणून पाहिली, ती दाणेदार निघाली. मारावं एकीकडे आणि फुटावी भलतीकडेच.

असं चाललं असताना शेजाऱ्यांनी बाथरूम नवीन केलं आणि जुन्या कमोडची फुटकी टाकी रस्त्याच्या कडेला टाकून दिली. त्याला तिची ठेच लागली. त्याने भरपूर शिव्या दिल्या, खाली बसून काय आहे ते चाचपलं, आणि फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग ती टाकी पोटाशी धरून तो घरी घेऊन आला. ती दारात कपाळावर हात मारून उभी राहिली.

टाकीचा एक तुकडा मांडीवर घेऊन त्याने त्यावर गोटा मारला. चिनी मातीची असल्याने ती छान फुटली. पांढऱ्या तुकड्यावर बाजूने उजेड पडला की प्रत्येक खळग्याच्या कडेला बारीक सावली उमटायची, आणि ती सावली त्याला दिसायची.

"अगं," तो म्हणाला, "मला दिसतंय."

एवढंच. पण तो आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. टाकी पातळ आणि वाकडी होती, तिची नखाएवढी टोकं तेवढी निघाली. मग त्याने विचारलं, "असलाच, पण जाड, भरीव, मला करून देशील? तुझ्याकडे भट्टी आहे." आणि तिने दुसऱ्या क्षणाला "त्यात काय अवघड आहे" असं म्हणून आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

तिची भट्टी होती कपबश्यांची. तयार पांढऱ्या कपबश्या आणायच्या, त्यांवर फुलं, पानं, नवराबायकोची नावं काढायची आणि रंग पक्का करायला भाजायच्या, हा तिचा धंदा. विजेची, गुडघ्याएवढी भट्टी. हजार अंशांच्या थोडी वर गेली की धापा टाकायची. खऱ्या चिनी मातीला याहून पुष्कळ जास्त आच लागते. तेव्हा आच वाढवता येत नसेल तर माती अशी करायची की जी कमी आचेवर वितळेल. त्यासाठी मातीत काचेची पूड घालायची. ऐकायला हे अगदी सरळ होतं.

पूड जास्त पडली की दगड भट्टीत बसल्या बसल्या लोळण घ्यायचा आणि खालच्या फरशीला असा चिकटायचा की फरशीसकट फेकून द्यावा. कमी पडली की आजच्यासारखं बिस्कीट. बेताची पडली तर वरून चकचकीत आणि आत पावासारखी जाळी, कारण एवढ्या जाड तुकड्याच्या आतली हवा बाहेर यायच्या आधीच वरची कातडी वितळून बंद व्हायची. असा दगड फोडल्यावर तो तुकडा तिच्यापुढे धरून विचारायचा, "याला लोणी लावून देतेस?" एकदा सगळं जमलं असं वाटलं आणि भट्टी जरा लवकर उघडली, तर तिच्या डोळ्यांसमोर टण् असा आवाज होऊन दगडाचे दोन भाग झाले. त्या दिवशी ती कामाच्या खोलीत स्टुलावर बसून रडली. दुःखाने नाही, चिडून.

आणि या सगळ्याला मुदत होती. ती त्याची त्यानेच घालून घेतली होती. शाळा उघडायच्या आधी हाताच्या पंजाएवढं, पानाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी छिललेलं एक पातळ पातं तो करून दाखवणार होता. जमलं तर पेट्यांचं काम त्याच्याकडे राहील. नाही जमलं तर गोटे, शिंगं, तांब्याची मूठ, अवजारांची सगळी कापडी गुंडाळी त्याच्या जागेवर आलेल्या माणसाला द्यायची आणि विषय संपवायचा. संग्रहालयातल्या कोणी असं म्हटलं नव्हतं. उलट ते म्हणत होते, सावकाश होऊ दे. पण सावकाश हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा.

त्याच्या जागेवर आलेला माणूस पूर्वी पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या विभागात होता. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, बोटं नेहमी चिकटपट्ट्यांनी भरलेली. दर शनिवारी मागच्या फाटकातून यायचा, शिकायचा, रक्त काढून घेऊन परत जायचा. माणूस भला होता, म्हणूनच तिला त्याचा राग धरता येत नव्हता. धरता आला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा, काका," अवजारं देण्याचा विषय निघाला की तो म्हणायचा. "मला काही घाई नाही."

"मला आहे," हा म्हणायचा.

मध्येच लेक येऊन गेली. लेकीचा स्वभाव सरळ आणि जीभ त्याहून सरळ. आईच्या हातांना पडलेल्या भेगा बघून ती म्हणाली, "आई, कशाला जीव काढतेस? बाबांना आता स्वस्थ बसू दे. मी बोलकी पुस्तकं दिलीत ना मोबाइलमध्ये, ती ऐकतील."

"ऐकली एक दिवस. वाचणाऱ्या बाईशी भांडले."

लेक हसली, मग हसू थांबवून म्हणाली, "आणि समज, तुझा दगड जमला. मग?"

"मग ते पातं करतील."

"आणि नाही झालं तर?"

ती माती मळत राहिली.

"मला काय वाटतं सांगू? दगड वाईट निघतोय तोवरच बरंय," लेक म्हणाली.

"तुला काही कळत नाही," ती म्हणाली, आणि लेकीला जेवायला न थांबवता तिने वाटेला लावलं. नंतर दिवसभर तिला चुटपुट लागून राहिली. लेकीला तोडून बोललो याची, आणि लेकीला कळतंय याचीही.

बिस्किटानंतरच्या भट्टीत तिने मातीत मिसळायचं गारगोटीचं पीठ जुन्या मऊ कापडातून गाळून घेतलं. दगडाचा गोळा न करता दोन बोटं जाडीची वडी केली, म्हणजे आतल्या हवेला बाहेर यायला वाट जवळची. भट्टी शेवटच्या आचेआधी बराच वेळ खालच्या आचेवर रेंगाळू दिली. आणि दार उघडायची घाई होऊ नये म्हणून मधले दोन दिवस ती भट्टीच्या खोलीतच गेली नाही, बाजारात उगाच फिरत बसली.

वडी बाहेर आली ती निळसर पांढरी. तिने जीभ लावली, जीभ घसरली. नखाने टिचकी मारली, वडी बराच वेळ वाजत राहिली. ती जवळजवळ धावत अंगणात गेली.

"हे घ्या तुमचं बिस्कीट."

त्याने वडी कानाशी नेऊन टिचकी मारली. भुवया वर गेल्या. मग तिच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, वडी उलटी करून पुन्हा फिरवला.

"सुरुवात कुठून करू?"

"म्हणजे?"

"अगं, कड कुठाय? ही साबणाची वडी झाली. चहूबाजूंनी गोल."

"गुळगुळीत केलीय. छान स्पंज फिरवून."

"स्पंज फिरवून," तो म्हणाला. "वा. कडेवर मारायचं असतं. कोन लागतो. गोल गरगरीत गोष्टीवर मारून काय सुटणार आहे? माझं डोकं?"

तरी त्याने मारलं. गोटा घसरला. पुन्हा मारलं. वडीवर पांढरा चट्टा उठला, छिलका काही सुटला नाही. तिसऱ्यांदा त्याने सगळा जोर लावला आणि गोटा सटकून त्याच्या बोटावर बसला.

तिला कळलं होतं काय झालं ते. ओल्या मातीची कुठलीही वस्तू हातात आली की तिची कड स्पंजने मोडायची, हे तिच्या हातात आयुष्यभर मुरलं होतं. धारेची कड टवकते, ओठाला लागते, गिऱ्हाईक परत येतं. इतके महिने दगड गळत होते, फुगत होते, तडकत होते, म्हणून कडेपर्यंत गोष्ट कधी आलीच नव्हती. आणि आज माती जमली तर हाताने घात केला.

"माझ्याच नशिबी असलं का येतं तेच कळत नाही," तो बोट चोखत म्हणाला. "इतके दिवस थांबलो, आणि हातात काय, तर साबण."

तेव्हा तिचा तोल गेला. "आयुष्यभर लोकांची बोलणी खाल्ली, काय म्हणून, तर फुटलं. कपाचा कान फुटला, बशी फुटली, रंग फुटला. आणि आता तुमची खातेय, फुटत नाही म्हणून. जन्मभर वस्तू टिकवायला शिकले मी. फोडायला नाही शिकले."

"मी काय जबरदस्ती केली होती?"

"मागितला होतात तुम्ही. इथे बसून. करून देशील का म्हणालात."

"मग चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि आत निघून गेली. आत जाऊन तिने टेबलावरच्या सगळ्या वस्तू उचलून होत्या तिथेच पुन्हा ठेवल्या.

जरा वेळाने तो भिंतीला हात लावत लावत कामाच्या खोलीत आला. या खोलीत तो सहसा यायचा नाही. इथे सगळं न फुटणारं असतं, माझा जीव गुदमरतो, असं म्हणायचा. त्याने स्टूल चाचपलं आणि बसला.

"ओली वडी आहे का एखादी?"

तिने एक त्याच्यापुढे सरकवली. त्याने अंगठ्याने वडीची एक बाजू दाबत नेली, वरून आत उतरती, छपरासारखी. दुसरी बाजू खालून तशीच दाबली. मग तिचं बोट धरून त्या कडेवर ठेवलं.

"एवढा कोन. फक्त एवढा. पुढचं मी बघतो."

तिचा दुसरा हात तेवढ्यात आपोआप पाण्याच्या भांड्यातल्या स्पंजकडे गेला होता. तिने तो मागे घेतला. मग उठून तिने स्पंज कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकला, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा. काय चाललंय ते त्याला दिसलं नसावं, पण आवाजावरून कळलं असावं, कारण तो पहिल्यांदा हसला.

"कपाटाला कुलूप पण घाल," तो म्हणाला.

ती वडी भट्टीतून बाहेर आली तो शनिवारच होता. नव्या माणसाची यायची वेळ दुपारची होती. सकाळी अंगणात तिरका उजेड येतो, त्याला तोच हवा असायचा. त्याने चामडं मांडीवर पसरलं, वडीची कड खरखरीत दगडावर जराशी घासून घेतली, मान तिरकी केली आणि मारलं.

आवाज वेगळाच आला. कोरडा, स्वच्छ. वडीच्या खालून छिलका सुटून त्याच्या तळहातात पडला. रुंद, आणि कडेला इतका पातळ की त्यातून बोटाचा रंग दिसत होता. त्याने तो अंगठ्याने चाचपला. तसाच तिच्यापुढे धरला. तिने घेतला. मग त्याने दुसरा काढला, तिसरा काढला, आणि ती जी पायरीवर बसली ती बसूनच राहिली. कपांची एक ऑर्डर आत तशीच पडली होती.

सकाळभर तो काम करत होता. गोटा ठेवून शिंग घेतलं, शिंग ठेवून मूठ घेतली. मध्येच तिच्या मामाची नक्कल केली. पाणी मागितलं आणि प्यायला विसरला. वडीची जाडी उतरत गेली, दोन्ही टोकं निमुळती झाली, पान दिसायला लागलं. या अंगणात ती दोघं पूर्वी अशीच बसायची, तो फोडायचा आणि ती रंगवायची, आणि तेव्हा आपण सुखी आहोत हे तिच्या लक्षातही यायचं नाही. आज आलं. आपला दगड नीट फुटतोय, या एका गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच तिला भीती वाटली.

"आता मधला फुगवटा उतरवायचा," तो म्हणाला. "तो गेला की झालं."

पातं आता पातळ होतं. अशा वेळी मार जरा आत पडला तरी चालत नाही, हे तिलाही इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. त्याने अंगठ्याने कडेवरची जागा शोधली. अंगठा तिथेच ठेवून मान उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे. शिंग उचललं, खाली घेतलं. पुन्हा अंगठ्याने जागा बघितली. पण मारताना अंगठा काढावाच लागतो, आणि अंगठा काढल्यावर जागा कुठे गेली ते डोळ्यांनीच बघायचं असतं. शिंग पडलं ते कडेवर नाही. कडेच्या आत, गव्हाच्या दाण्याएवढं आत. तिने ते पाहिलं.

पात्याचे मधोमध दोन तुकडे झाले.

बिस्किटावर त्याने शिव्या दिल्या होत्या, पावावर दिल्या होत्या, साबणावर तर दिल्याच होत्या. आताही तिला शिव्या चालल्या असत्या. दोन्ही तुकडे हातात घेऊन तो बसून राहिला, मग त्याने ते तिच्या दिशेने पुढे केले.

"बघ जरा, आत काय आहे. चीर आहे? बुडबुडा?"

तिने तुकडे घेतले आणि उजेडाकडे धरून बघितले. फुटलेली बाजू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सपाट, नितळ, ओल्यासारखी चकाकत होती. एक ठिपका नाही, एक जाळी नाही. इतकी निर्दोष गोष्ट तिने आयुष्यात केली नव्हती. इतके महिने ती याच्याच मागे लागली होती, आणि आता ते हातात धरून तिला वाटत होतं, यात एक तरी खोट असायला हवी होती.

"आहे," ती म्हणाली. "बुडबुडा आहे."

"केवढा?"

"टाचणीच्या डोक्याएवढा. कडेपासून जरा आत."

"दाखव."

तिने एक तुकडा त्याच्या हातात परत दिला. तो फुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवू लागला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. केसाएवढी चीर हुडकणारा तो अंगठा तिच्या मातीवरून फिरत होता आणि तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. अंगठा मध्येच एका जागी थांबला. तिथे काहीही नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "आहे खरा. लागला हाताला."

"माझंच चुकलं. माती दाबताना हवा राहिली असणार."

"राहते कधी कधी."

त्याने गुंडाळी मागितली. तिने आणून दिली. एकेक गोटा पुसून, एकेक शिंग पुसून त्याने आपापल्या खणात घातलं. तांब्याची मूठ शेवटी घातली. नाडी बांधून त्याने गुंडाळी शेजारी ठेवली, फाटकाच्या बाजूला.

"अहो, बुडबुड्यामुळे गेला," ती म्हणाली. "मी अजून एक करते."

"कर ना. त्याच्यासाठी कर. पेट्या भरायच्या तर त्याला दगड लागणारच." त्याने गुंडाळीची नाडी पुन्हा ओढून घट्ट केली. "आणि ऐक. मापं बदलू नकोस. काचेची पूड, पीठ, आच, सगळं हे असंच ठेव. काही म्हणजे काही बदलायचं नाही. कळलं?"

तिला कळलं. "बरं," ती म्हणाली.

रस्त्यावर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. तो ताडपत्रीवर ओणवा झाला आणि नेहमीसारखे छिलके गोळा करू लागला. पांढरे छिलके काळ्या ताडपत्रीवर चांगले दिसत होते, तरी तो हातानेच शोधत होता, तळवा टेकवत टेकवत, कडेपासून मध्याकडे. ताडपत्री साफ झाली. पण काही छिलके ताडपत्रीच्या बाहेर उडाले होते. एक नळाच्या खाली होता, दोन फरशीवर, एक तिच्या पायरीपाशी, पायाच्या अंगठ्याच्या पुढ्यात.

"झालं," तो तिला म्हणाला. "ये आता."

फाटकाची कडी वाजली. दाराआड तिच्या बाजारात जायच्या चपला होत्या. तिने त्या हळूच पायात सरकवल्या, आणि टाचा वाजू नयेत म्हणून पाय उचलून टाकत ती अंगणातून फाटक उघडायला गेली.